वाचकांचे प्रश्न : चेक इंजिन लाईट विझते आणि परत लागते

या महिन्यात एकाच दिव्याबद्दल बरेच प्रश्न आलेत, त्यामुळे सगळी जागा त्यालाच देतोय. पहिला प्रश्न जरा सविस्तर घेतो कारण बहुतेकांची अडचण तीच आहे, लाईट लागते, कोड पुसतात, परत लागते, आणि दर वेळी एखादा पार्ट बदलला जातो.

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी १४ वर्षं जुनी आहे. वर्षभर झालं चेक इंजिन लाईट लागतेय. गॅरेजमध्ये नेली की स्कॅनर लावून कोड डिलीट करतात, आठवडा-दोन आठवडे बरे जातात, मग परत तेच. आधी पुढचा ओटू (म्हणजे ऑक्सिजन) सेन्सर बदलला, मग प्लग बदलले, आता म्हणतात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेलाय आणि त्याचा खर्च या गाडीवर करणं जिवावर येतं. कोड पी०४२० सांगतात, मधेमधे पी०१७१ पण असतो. गाडी चालायला ठीक आहे, सकाळी पहिल्या स्टार्टला थोडी थरथरते आणि ॲव्हरेज कमी झालंय. कन्व्हर्टर बदलू का, की लाईटकडे बघायचंच नाही?

उत्तर : कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या पाईपमधला धूर साफ करणारा डबा, अजून बदलू नका. आणि लाईटकडे दुर्लक्षही करू नका, त्याचं कारण पुढे सांगतो.

पहिली गोष्ट, कोड म्हणजे खराब पार्टचं नाव नाही. गाडीच्या कॉम्प्युटरला म्हणजे ईसीएमला काय दिसलं एवढंच कोड सांगतो. पी०१७१ चा अर्थ इतकाच की इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय असं ईसीएमला वाटतंय, तो पेट्रोल वाढवत वाढवत त्याच्या मर्यादेपर्यंत पोचलाय आणि तरी हिशोब जुळत नाहीये. पी०४२० चा अर्थ असा की कन्व्हर्टरच्या नंतर बसवलेला मागचा ओटू सेन्सर जितका शांत असायला हवा तितका शांत नाहीये, त्याचा आकडा फार वर-खाली होतोय. आता हे दिसण्यामागे कन्व्हर्टर खरंच संपलेला असू शकतो, किंवा सायलेन्सरच्या पाईपला कुठे चीर असू शकते, किंवा सेन्सर म्हातारा झालेला असू शकतो, किंवा इंजिनच नीट जाळत नसेल. स्कॅनरवर दोन्ही कोड वाचून थेट पार्ट मागवला तर लागला तर लागला असंच होणार, आणि तुमच्याकडे तेच झालंय.

दुसरं म्हणजे दोन कोड एकत्र असले की आधी कुठला धरायचा हे ठरवावं लागतं. इथे माझं मत स्पष्ट आहे, आधी पी०१७१. हवा-पेट्रोलचं प्रमाण बिघडलेलं असताना कन्व्हर्टरबद्दल काहीही निकाल देता येत नाही, तो बिचारा इंजिनातून जे येईल त्यावरच काम करतो. समजा पुढच्या ओटू सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पहिल्या पाईपला) बारीक चीर आहे किंवा तिथलं गॅस्केट उडालंय. एक्झॉस्टमध्ये दाब सारखा वर-खाली होत असतो, त्यात त्या चिरेतून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, ईसीएमला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, तो वाढवतो, म्हणजे पी०१७१ तिथून आला. आणि हाच सगळा गोंधळ पुढे मागच्या सेन्सरपर्यंत पोचतो, म्हणजे पी०४२० पण तिथूनच आला. एक गॅस्केट आणि दोन कोड. तुमच्याकडे हेच आहे असं मी म्हणत नाही, पण हे न तपासता कन्व्हर्टर घेणं चुकीचं आहे.

आता आठवडा-दोन आठवड्यांनी लाईट परत का येते ते समजून घ्या, तपास तिथूनच सुरू होतो. असे बरेचसे दोष ईसीएमला एका फेरीत, म्हणजे गाडी स्टार्ट करून बंद करेपर्यंत, दिसले तरी तो लगेच दिवा लावत नाही, नुसती पेंडिंग म्हणून नोंद ठेवतो. पुढच्या फेरीत तेच परत दिसलं की मग दिवा लागतो. शिवाय कन्व्हर्टरची चाचणी तो केव्हाही करत नाही, इंजिन पूर्ण गरम पाहिजे, गाडी काही वेळ एका वेगात चाललेली पाहिजे, मग करतो. तुमचं रोजचं चालवणं जवळजवळचं असेल तर ही परिस्थिती जमायलाच दिवस लागतात. म्हणजे मधले ते शांत दिवस गाडी बरी झाल्याचे नव्हते, चाचणीच झाली नव्हती. दोष खरंच गेला असता तर कोड पुसायचीही गरज नव्हती, लागोपाठ तीन फेऱ्यांत चाचणी पास झाली की ईसीएम दिवा आपणहून बंद करतो.

आणि म्हणूनच दर वेळी कोड पुसणं हे सगळ्यात मोठं नुकसान आहे. कोड साठवताना ईसीएम त्या क्षणाचा एक फोटो काढून ठेवतो, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. त्यात आरपीएम, गाडीचा वेग, कूलंटचं तापमान, इंजिनवरचा लोड, फ्युएल ट्रिम (ते काय ते पुढे सांगतो) हे सगळं असतं. लाईट थंड इंजिनावर उभ्या गाडीत लागली की हायवेवर गरम इंजिनावर, हे तिथे लिहिलेलं असतं, आणि डिलीट दाबलं की कोडबरोबर तेही जातं. बहुतेक गाड्यांत इतक्या दिवसांचं शिकलेलं फ्युएल ट्रिमही शून्यावर येतं. पुढच्या वेळी गॅरेजमध्ये गेलात की आधीच सांगा, पुसू नका, फ्रीझ फ्रेमचा स्क्रीन मला दाखवा आणि मला फोटो काढू द्या. स्टीयरिंगखाली १६ पिनचा ओबीडी सॉकेट असतो, त्यात बसणारा छोटा ब्लूटूथ रीडर आणि मोबाईलवरचं ॲप घेतलंत तर हे घरीसुद्धा बघता येतं. तुमच्यासारख्या केसमध्ये तो घेणं मी पार्ट बदलण्याच्या आधी सुचवीन.

फ्युएल ट्रिम हा आकडा नीट समजून घ्या कारण तुमचं उत्तर बहुधा त्यातच आहे. ईसीएम ठरलेल्या हिशोबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय ते हा आकडा सांगतो. शॉर्ट टर्म म्हणजे आत्ता या क्षणाचं, लाँग टर्म म्हणजे सवयीचं झालेलं. दोन्हीची बेरीज करायची. साधारण अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर जुन्या गाडीला ठीक म्हणायचं, २० ते २५ च्या पुढे गेलं की बऱ्याच गाड्या पी०१७१ देतात. आता इंजिन गरम करून आधी आयडलिंगला आकडा बघा, मग रेस देऊन २५०० आरपीएमवर थोडा वेळ धरा आणि परत बघा.

आयडलिंगला आकडा मोठा आणि २५०० ला जवळजवळ नॉर्मल, असं असेल तर कुठूनतरी चोरटी हवा आत येतेय, म्हणजे व्हॅक्यूम लीक. आयडलिंगला इंजिन हवा कमीच घेतं म्हणून ती थोडीशी जास्तीची हवाही मोठी ठरते, रेस वाढली की तिचा हिस्सा नगण्य होतो. १४ वर्षांच्या गाडीत रबर कडक होतंच. एअर फिल्टर ते थ्रॉटल बॉडीमधला जाड रबरी पाईप वाकवून त्याच्या घड्यांमध्ये चीर आहे का बघा, वरून दिसत नाही. पीसीव्हीचा पाईप (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये नेणारा) तेलाच्या वाफेने आतून सडतो, तो हाताने दाबून बघा, ब्रेक बूस्टरचा पाईप बघा, आणि इनटेक मॅनिफोल्डचं, म्हणजे सिलिंडरना हवा वाटणाऱ्या पाईपचं, गॅस्केट. हे गॅस्केट थंडपणी आकसतं आणि इंजिन तापलं की बसतं, त्यामुळे तुमची सकाळची थरथर याच्याशी छान जुळते. मला यादीत सगळ्यात वरचा संशय यावर आहे. हे शोधायला स्मोक टेस्ट करतात, इनटेकमध्ये धूर सोडला की जिथून गळती तिथून धूर बाहेर येतो, फार वेळ लागत नाही. काही जण चालू इंजिनावर पेट्रोल किंवा पेटणारा स्प्रे मारून लीक शोधतात, ते कृपा करून करू नका आणि करूही देऊ नका, गरम मॅनिफोल्डवर आग लागायला एक ठिणगी पुरते.

उलट आयडलिंगला आकडा ठीक आणि रेस दिली, लोड आला की वाढतोय, तर मग पेट्रोलच पुरत नाहीये किंवा हवा चुकीची मोजली जातेय. फ्युएल फिल्टर, पंपाचं प्रेशर, आणि एअर फ्लो सेन्सर. या सेन्सरची तार धुळीने माखली की तो हवा कमी मोजतो. तो साफ करायचा स्प्रे वेगळा येतो, तोच वापरायचा, तारेला बोट किंवा ब्रश लावायचा नाही.

दोन्हीकडे आकडा सारखाच मोठा असेल तर फ्युएल प्रेशर आणि एक्झॉस्ट लीक दोन्ही बघा. एक्झॉस्ट लीक ओळखायला सकाळी थंड गाडी स्टार्ट करून बॉनेट उघडून ऐका, टिक टिक टिक असा आवाज येतो आणि गाडी तापल्यावर तो जातो, आणि जोडाजवळ काळी काजळी दिसते.

हे सगळं होऊन ट्रिम जाग्यावर आलं की मग कन्व्हर्टरकडे वळा, त्याआधी नाही. गाडी चांगली पळवून गरम करा, २५०० आरपीएमवर धरा आणि ॲपवर मागच्या ओटू सेन्सरचा ग्राफ बघा. पुढचा सेन्सर साधा व्होल्टवाला असेल तर तो साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वर-खाली नाचतो, तसंच पाहिजे. मागचा मात्र ०.६-०.७ च्या आसपास जवळजवळ सरळ रेषेत पाहिजे. मागचाही पुढच्यासारखाच नाचत असेल, आणि पाईपला कुठे गळती नाही याची खात्री झाली असेल, तर कन्व्हर्टर खरंच दमलाय. तेव्हाही एक प्रश्न स्वतःला विचारा, इंजिन ऑइल खातंय का? डिपस्टिकवर पातळी सारखी खाली जात असेल तर तेच ऑइल जळून कन्व्हर्टरवर थर बसवतंय, आणि नवा टाकलात तरी त्याचीही तीच गत होईल.

आणखी एक तपासणी, जी सगळ्यात आधी करायची आणि जी कोणी करत नाही. बॅटरी आणि अर्थिंग. गाडी रात्रभर उभी असताना चांगल्या बॅटरीला साधारण १२.६ व्होल्ट दिसतात, इंजिन चालू असताना १३.७ ते १४.५ च्या मधे. टर्मिनलवर पांढरं-हिरवं चढलेलं असेल किंवा इंजिनकडून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी गंजलेली असेल तर सेन्सर चांगले असूनही ईसीएमला आकडे चुकीचे पोचतात, आणि मग एकमेकांशी काही संबंध नसलेले कोड येतात. कनेक्टर काढून पिना हिरव्या झाल्यात का बघा, इंजिन चालू असताना वायरिंग हलवून बघा, मधेच आकडा उडतोय का.

आता दुर्लक्ष का नको. पिवळा दिवा न लुकलुकता लागलेला असेल आणि गाडी नीट चालत असेल तर लगेच थांबायची गरज नसते, काही दिवस चालवलीत तर चालेल, तेवढ्यात तपास करून घ्या. पण दिवा एकच आहे आणि कोड बरेच. तो आधीपासूनच लागलेला असेल तर उद्या नवीन दोष आला तरी तुम्हाला काहीच वेगळं दिसणार नाही. म्हणून लाईट चालू ठेवून गाडी वापरायची वेळ आलीच तर आठवड्यातून एकदा रीडर लावून नवीन कोड आलाय का बघत जा.

मेकॅनिककडे जाताना कोड पुसून द्या असं म्हणू नका, ट्रिम बघून स्मोक टेस्ट करा असं म्हणा, आणि शोधायला लागणाऱ्या वेळाचे पैसे वेगळे द्यायची तयारी ठेवा. मेकॅनिकला फक्त पार्ट बसवायचेच पैसे मिळत असतील तर तो पार्टच बदलणार, शोधण्यात अर्धा दिवस तो का घालवेल?

प्रश्न : पावसात चढावर गाडी धक्के देते आणि तेव्हा चेक इंजिन लाईट लुकलुकते, सपाटीवर आलं की लुकलुकणं थांबतं पण लाईट तशीच राहते. कोड पी०३०३. प्लग नवीन आहेत.

उत्तर : लुकलुकणारी लाईट आणि नुसती लागलेली लाईट यांत खूप फरक आहे. लुकलुकते तेव्हा इंजिन इतकं मिसिंग करतंय की न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतंय आणि तो आतून वितळू शकतो. तेव्हा ॲक्सिलरेटर सोडा, लोड कमी करा, नाही थांबलं तर सुरक्षित जागा बघून गाडी उभी करा. तसाच चढ चढत राहू नका.

पी०३०३ म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरचं मिसिंग, फक्त तीन नंबर आधी नीट ओळखा, आडव्या बसवलेल्या इंजिनात एक नंबर कुठल्या बाजूला हे गाडीनुसार बदलतं. पावसातच होतंय म्हणजे ठिणगी ओल्या हवेतून बाहेर पळतेय, कॉइलला (प्लगला ठिणगीसाठी करंट देणारा पार्ट) तडा असेल किंवा प्लगवर बसणारं रबर फाटलं असेल. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल तर काही विकत घ्यायच्या आधी तीन नंबरची कॉइल काढून दोन नंबरवर लावा आणि दोनची तीनवर. परत मिसिंग झालं आणि कोड पी०३०२ आला, तर कॉइलच खराब, वाद संपला. कोड पी०३०३ च राहिला तर प्लगची अदलाबदल करा, मग इंजेक्टर, आणि तरीही तिथेच राहिला तर त्या सिलिंडरचं कम्प्रेशन मोजून घ्या. कॉइल काढल्यावर प्लगच्या खड्ड्यात ऑइल दिसलं तर व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट गळतंय, ते बदलल्याशिवाय नवीन कॉइलही टिकणार नाही.

प्रश्न : दर वेळी टाकी फुल केली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लाईट लागते, आणि पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी स्टार्ट व्हायला त्रास देते. पेट्रोलच खराब मिळतंय का?

उत्तर : पेट्रोलवर संशय घेऊ नका. स्टार्टिंगचा त्रास बरोबर पेट्रोल भरल्यावरच होतो हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, त्यानेच उत्तर मिळालं. टाकीतली पेट्रोलची वाफ कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये साठते आणि तिथून पर्ज व्हॉल्व्हमधून इंजिनात जाते. हा व्हॉल्व्ह उघडाच अडकला की टाकी भरताना साठलेली सगळी वाफ स्टार्ट करताना इंजिनात घुसते, म्हणून स्टार्ट लांबतो. व्हॉल्व्हचा कनेक्टर काढून व्हॉल्व्हमध्ये फुंकून बघा, बऱ्याचशा गाड्यांत करंट नसताना तो बंद असतो, हवा आरपार गेली तर बदला. कोड पी०४५५ किंवा पी०४४२ (वाफेच्या यंत्रणेत गळती) असेल तर टाकीच्या झाकणाचं रबरही बघा, चिरलेलं असलं तर आधी तेवढंच बदलून बघा. आणि नोझल आपोआप बंद झालं की तिथेच थांबायचं, राउंड फिगर करायला अजून थोडं भरलं की कॅनिस्टरमध्ये पातळ पेट्रोल जाऊन तो कायमचा खराब होऊ शकतो.

प्रश्न : थंडीत पी०१२८ येतो, उन्हाळ्यात येत नाही. सेन्सर बदलू का?

उत्तर : नको, आधी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारा व्हॉल्व्ह. पी०१२८ म्हणजे इंजिन पुरेसं तापत नाहीये. तो बहुधा उघडा अडकलाय, त्यामुळे इंजिन वेळेत तापत नाही आणि गार हवेत ते जास्त जाणवतं. कूलंटची पातळी मात्र गाडी थंड असताना बघून घ्या, कमी असेल तरी हाच कोड येतो. थंडच राहणारं इंजिन पेट्रोलही जास्त पितं, त्यामुळे काम पुढे ढकलू नका.

प्रश्न : जुनी गाडी घेतोय. मालक म्हणतो लाईट कधी लागलीच नाही. खरं आहे हे कसं ओळखायचं?

उत्तर : आधी चावी ऑन करा पण स्टार्ट करू नका. चेक इंजिनचा दिवा तेव्हा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. चावी ऑन केल्यावर लागलाच नाही तर बल्ब गेलाय किंवा मुद्दाम काढलाय.

मग रीडर लावून रेडिनेस मॉनिटर बघा. कन्व्हर्टर, ओटू सेन्सर, टाकीच्या वाफेची यंत्रणा यांच्या चाचण्या पूर्ण झाल्यात का ते तिथे दिसतं. कोड पुसले किंवा बॅटरी काढली की या चाचण्या परत अपूर्ण दाखवतात. वाफेची एकटी चाचणी अपूर्ण असेल तर फार मनावर घेऊ नका, टाकी अगदी रिकामी किंवा अगदी भरलेली असली तर ती होतच नाही. पण बाकी सगळंच अपूर्ण दिसत असेल तर कोणीतरी नुकतंच पुसलंय. रीडरवर बऱ्याच गाड्या शेवटचे कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले तेही दाखवतात, तो आकडा बघा. बॅटरी नवीन टाकली म्हणून असं दिसतंय असं मालक म्हणाला तर ते खरंही असू शकतं, तेव्हा भांडू नका, काही दिवस नेहमीसारखी चालवा आणि चाचण्या पूर्ण झाल्या की परत बघायला येतो असं सांगा. परत गेल्यावर पेंडिंग कोडचं पानही उघडून बघा, दिवा लागायच्या आधीचा दोष तिथे सापडतो.